कलाबाईच्या हाताचं तिखट

दुसरबीडच्या बाजारात आमच्या गावच्या मिरचीचं पोतं सोडलं की शेजारचा गूळवाला शिंकतो. मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर गूळ शिंकतो म्हणालो असतो. मिरची दिसायला गरीब, बोटाच्या पेराएवढी, टोकाला जराशी वाकडी. पण व्यापारी पोत्यात हात घालायच्या आधी विचारणार, "कलाबाईच्या हातची हाय का?" हाव म्हटलं की तो हात मागे घेतो आणि चिमटीनं एकच मिरची उचलतो.

कलाबाई म्हणजे माझी शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक कुडाची भिंत आणि उभ्या जन्माची भांडणं. लांबच्या नात्यानं वहिनी लागते, म्हणून मी तिची थट्टा करू शकतो आणि ती माझा उद्धार करू शकते. वीतभर जमीन तिच्या नावावर नाही. तरी सगळ्या गावाची मिरची तिच्या हातची, ते कसं, हे आधी सांगायला पाहिजे.

आमच्या गावात असं मानतात की मिरचीला तिखटपणा मातीतून येत नाही, खतातून येत नाही, रोप टाकणाऱ्याच्या हातातून येतो. थंड डोक्याच्या माणसानं बी टाकलं की मिरची फिक्की. माझे वडील म्हणजे गाय माणूस. एका वर्षी त्यांनी हौसेनं स्वतः बी टाकलं. त्या मिरच्या माझी आई काकडीसारख्या चिरून भाकरीसोबत वाढायची, आणि वडील म्हणायचे, "जाऊ दे, पोटाले बरं असते." मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. गुरुजींनी फुलातले केसर फळ्यावर काढून दाखवले होते. पण गुरुजींच्या स्वतःच्या परसातली मिरचीसुद्धा कलाबाईच टाकायची. मग मी फळ्याचं ऐकू की गुरुजींचं?

तर हात रागीट पाहिजे. नुसता रागीट नाही, बी टाकतेवेळी राग पेटलेला पाहिजे. म्हणून मेच्या शेवटाला रोहिण्या लागल्या की लोक खण-नारळ घेऊन कलाबाईच्या दारात जातात. तिला मानानं शेतात नेतात, वाफ्याच्या कडेला बसवतात, राखेत कालवलेल्या बियांचं सूप तिच्या पुढ्यात ठेवतात, आणि मग तिला डिवचतात. ती शिव्या देते. एक शिवी, एक चिमूट. वाफा भरेपर्यंत.

आणि शिव्या तरी कशा! घाण शब्द एक नाही. "तुह्या बैलाले तुह्याहून जास्त अक्कल येवो, अन् त्यानं तुलेच जुपावं!" "तुह्या कणगीत घुशीचं लग्न लागो, अन् वऱ्हाड तिथंच राहो!" "तुहा सासरा तुह्या घरी राहाले येवो, अन् शंभर वर्सं जगो!" बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. शेजारच्या गावाचे लोक नुसते ऐकायला यायचे. आता तर पोरं मोबाईलवर काढतात.

पण डिवचायचं कशानं, तेही ठरलेलं आहे. आणि तिथं हसू संपतं.

कलाबाई डोणगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा इतकी कमी बोलायची की माझ्या आईला वाटलं, पोरगी मुकी आहे. काही वर्षं झाली, मूल झालं नाही. आज गावात सगळ्यांत जास्त मिरची ज्याची, त्या कडूबाच्या बापाच्या शेतात एका रोहिणीत ती रोजानं मिरचीचं बी टाकत होती. गावातून कोणीतरी धावत आलं अन् म्हणालं, "कला, घरी चल वं. तुह्या नवऱ्यानं दुसरी आणली. बेबी नाव हाय तिचं. चुलीपाशी बसून पुरणपोळ्या लाटून राह्यली."

कलाबाई उठली नाही. बसल्या जागी बी टाकत राहिली, आणि गावानं पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. नवरा, बेबी, सासू, लग्न जमवणारा मामा, स्वतःचा बाप, सगळ्यांचा तिनं त्या वाफ्यात उद्धार केला. वाफा भरला तरी तोंड थांबलं नाही. संध्याकाळी घरी गेली तर तिचं गाठोडं दाराबाहेर ठेवलेलं. माझ्या आईनं तिला आमच्या गोठ्याजवळची खोली दिली. तीच ही, कुडापलीकडची. नवरा पुढं बेबीला घेऊन जालन्याकडे गेला आणि तिकडंच संपला.

त्या वर्षी कडूबाच्या बापाची मिरची अशी आली की कांडणाऱ्या बाया उखळ सोडून पळाल्या. गावानं आपला हिशेब लावला. पुढच्या रोहिणीला म्हातारा खण-नारळ घेऊन कलाबाईच्या दारात उभा. वाफ्यापाशी नेऊन बसवलं, तर कलाबाई गप्प. तेव्हा म्हातारा हळूच म्हणाला, "काय वं कला, बेबीच्या हातची पोळी खाल्ली का?"

झालं. तेव्हापासून दर वर्षी हेच. म्हातारा गेला, कडूबा आला. कडूबा मनाचा वाईट नाही. देवळाला पत्रे त्यानंच दिले, माझ्या बायकोला दवाखान्यात त्याच्याच गाडीतून नेलं. पण वाफ्यापाशी उभा राहिला की तो "काकू, बेबीची पुरणपोळी कशी होती वं?" इतक्या सहज म्हणतो, जसा माणूस मोटारीचं बटण दाबतो.

तुम्ही म्हणाल, मग ती जातेच कशाला? टाकलेल्या बाईची ओटी कोणी भरत नाही. लग्नात तिला मागे बसवतात, डोहाळजेवणाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढं जातं. वर्षातून तो एक दिवस तिच्या पदरात खण-नारळ पडतो आणि गावच्या सुना तिच्या पाया पडतात. मी एकदा म्हटलं, "वहिनी, एखाद्या वर्षी नाही म्हणून टाका." तर म्हणाली, "अन् मंग मले कोन बलावते भाऊजी? तुमी?" मी आपला तंबाखू मळत बसलो.

असो. आता त्या नव्या मिरच्यांवर येतो.

कलाबाईच्या भावाची नात रेणुका. ती शेगावजवळ एका रोपवाटिकेत कामाला आहे. दर्शनाला आलेले शहरातले लोक तिथून कुंड्या नेतात, आणि त्या कुंड्यांत नाना देशांच्या मिरच्या असतात. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात रेणुकानं आजीला बियांच्या पुड्या आणून दिल्या. कलाबाईनं त्या फुटक्या घमेल्यात, तेलाच्या डब्यात, माझ्या गळक्या बादलीत लावल्या. बादली विचारून नेली नव्हती, ते वेगळं.

दसऱ्यापर्यंत तिच्या अंगणात काय काय लटकत होतं म्हणता! एक काळी-जांभळी, वांग्याच्या लेकरासारखी. एक पांढुरकी, दुधाच्या दातासारखी. एक बोरासारखी गोल, हलवली की आत बिया वाजतात. आणि एक लाल, सुरकुतलेली, ईशान्येकडची. रेणुकानं सांगून ठेवलं होतं की हिला तिकडं भूत म्हणतात.

चाखायची कलाबाईची रीत ठरलेली. आधी टोक, जिभेच्या शेंड्याला. मग थांबायचं. मग मधला भाग, भाकरीच्या तुकड्यासोबत. देठाकडचा भाग सगळ्यात शेवटी. "मिरचीचा सारा राग देठापाशी राह्यते," ती म्हणायची, "जिथून तोडली तिथं." काळीला म्हणाली, "नुसता रंग. चव भिजल्या पुठ्ठ्याची." पांढरीला म्हणाली, "ही चुलतसासू. आधी बस म्हनते, पानी देते, अन् मंग मागून घेते खबर." आणि खरंच, पांढरी आधी काहीच लागत नव्हती. मग कानांतून धूर.

कडूबाला हे कळलं. मिरचीवाल्यांचा मोठा माणूस, त्यानं चाखली नाही असं कसं चालेल? "आन ते भूत इकडं," म्हणाला. कलाबाई म्हणाली, "टोक खाजो बे, नुसतं टोक." त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि देठाकडूनच चावा घेतला. पुढं बोलणं झालं नाही. आमच्या गोठ्यातल्या हौदात त्यानं तोंड घातलं. म्हैस पाणी पीत होती, ती बिचारी सरकून जागा देत बाजूला झाली. कलाबाई त्या दिवशी इतकी हसली की तिला ठसका लागला. शिव्या न देता तिच्या तोंडून एवढा आवाज निघालेला मी तेव्हाच ऐकला.

एक पुडी मात्र शेवटी राहिली होती. ती लावली त्या दिवशी रेणुका मुक्कामी होती. ती मागे बसून आजीचे केस विंचरत होती, आणि कलाबाई एका हातानं डब्यात बी टाकत दळणाची ओवी गुणगुणत होती. कुडापलीकडून मला वाटलं, कोणी रेडिओ लावला.

त्या झाडाला नारिंगी मिरच्या आल्या. सुरकुतलेल्या, फुगीर, अगदी त्या भुताची सख्खी बहीण. वास मात्र पाडाच्या आंब्याचा. एका सकाळी कुडावरून हाक आली, "भाऊजी, इकडं या."

गेलो. तिच्या तळहातावर ती मिरची.

"खा."

"मेलो तर?"

"त दोनी घरं निवांत होतीन. खा म्हनते ना!"

मी देवाचं नाव घेऊन टोक तोडलं. काही नाही. मधला भाग खाल्ला. काही नाही. देठापर्यंत गेलो. वास मिरचीचा, चव मिरचीची, वर गोडसर, आणि आग म्हणाल तर औषधाला नाही.

कलाबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. "पाह्यलं? हिले शिव्या नाही देल्या. ओवी म्हनली. त ही बी कोनावर चिडली नाही." आणि झाडावरची आणखी एक तोडून तिनं पदरात अशी धरली, जसं कोणी नवीन जन्मलेलं कोकरू धरतं. गल्लीतल्या प्रत्येक लेकराला तिनं ती जात खाऊ घातली. लेकरं भीत भीत खायची आणि परत मागायची.

दिवाळीत रेणुका आली. कलाबाईनं कधी एकदा सांगते असं करून तिला सगळं सांगितलं. मी ओट्यावर चिवडा खात बसलो होतो. रेणुका हसली. "आजी, असं नसते वं. ते बियाण्यातच असते. तू हिले दिवसभर शिव्या देल्या असत्या तरी हे फिक्कीच आली असती. अन् गावची मिरची ओव्या म्हनून टाकली तरी तिखटच येईन."

कलाबाईचा चाळणीतला हात थांबला. "मी नसती टाकली तरी?"

"तरी."

"कोनीबी टाकली तरी?"

"कोनीबी टाको. आबानं टाकली तरी." आबा म्हणजे मी.

"आमच्या बापानं टाकली होती ते फिक्की झाली," मी म्हटलं.

"बियाणंच फिक्कं असन, आबा."

कलाबाईनं चाळणी खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग ते पोळीचं?"

"कोनती पोळी?" रेणुकानं विचारलं. तिला ठाऊकच नव्हतं. ती करंजी फोडून आतलं सारण पाहत होती.

दिवाळी झाली आणि कलाबाईनं दोन डबे घेतले. एकाच ढिगातली माती, एकाच पुडीतलं गावच्या मिरचीचं बी. एक डबा शिव्या देऊन लावला, एक ओवी म्हणून. सकाळी एका डब्याला पाणी घालताना ती त्याच्या सात पिढ्या काढायची, आणि लगेच दुसऱ्यापाशी वाकून त्याला माझा राजा म्हणायची. मी कुडाला कान लावून बसायचो. फुकटात एवढी करमणूक शिमग्यातही होत नाही. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं की हसू आतच राहायचं. ती गंमत करत नव्हती. तिला कळून घ्यायचं होतं की इतकी वर्षं जे तिच्याकडून काढून घेतलं, त्यानं निदान मिरची तरी तिखट झाली की नाही.

होळीच्या सुमारास दोन्ही डबे लाल झाले. तिनं दोन्ही चाखल्या. मलाही दिल्या. डोळ्यांतून दोन्हींनी सारखंच पाणी काढलं.

मग तिनं कडूबाला आणि वाफेवाल्या चार घरांना ओट्यावर बोलावलं. त्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताटल्या मी उलट्या सांगनार हाय. ओवीचीले शिव्यांची म्हनीन, शिव्यांचीले ओवीची. तुमी तोंड उघडलं त त्यात ते भूत कोंबीन."

माणसं बसली. कलाबाईनं ताटल्या पुढं केल्या. "हे शिव्यांची. हे ओवीची. खाऊन पाहा. सारख्या निघाल्या त यंदापासून बेबीचं नाव काढाचं नाही. मी येईन, बसीन, गपचूप बी टाकून देईन. कबूल?"

"कबूल काकू," कडूबा म्हणाला.

सगळ्यांनी खाल्ल्या. ताकाचा गडवा फिरला. नाकं पुसली, कान चोळले. कडूबानं पुन्हा एकदा या ताटलीतली अर्धी आणि त्या ताटलीतली अर्धी खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "फरक हाय काकू. शिव्यांची ते शिव्यांचीच. ओवीचीले धार नाही." त्याचं बोट ओवीच्याच मिरच्यांवर होतं, शिव्यांची समजून. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक जण तर म्हणाला, "मले त वासावरूनच समजलं."

कलाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताटल्या उचलल्या.

ते गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, सांगितलं काऊन नाही?"

"सांगून? मंग म्हनतीन, म्हातारी लबाड हाय, मिरच्या तिनंच बदलल्या." ती ताटल्या राखेनं घासत होती. "भाऊजी, त्याइले तिखट नाही पाह्यजे. तिखट त हाये बियात. त्याइले मी पाह्यजे, तशी बसलेली."

रोहिण्या लागल्या. खण-नारळ आला. कलाबाई गेली. मीही गेलो, दरवर्षी जातो. वाफा भिजवून ठेवलेला, सूप पुढ्यात, भोवती बाया-माणसं, पोरांचे मोबाईल वर झालेले. कडूबानं बटण दाबलं. "काकू, बेबीची पुरणपोळी कशी होती वं?"

कलाबाईनं चिमूट घेतली आणि वाफ्यात सोडली. बोलली नाही.

"काकू, ऐकलं नाही का? बेबीची पोळी!"

दुसरी चिमूट. तिचे ओठ हलत होते. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं, ओवी होती.

मग मागून एक बाई म्हणाली, "तिले त लेकरंबी झाले म्हनते, त्या बेबीले." लोक हसायला तयार होऊन थांबले. कलाबाईनं तिसरी चिमूट सोडली. हसायचं राहून गेलं. पोरांनी मोबाईल खाली घेतले.

कडूबा खाली वाकला आणि त्यानं सूप उचललं. हिसकावलं नाही, म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं ओझं घ्यावं तसं घेतलं. "राहू द्या काकू. तुमचा हात निवला आता. वय झालं. खण-नारळ राहू द्या तुमच्यापाशीच." आणि त्यानं भोवती नजर फिरवली.

पाण्याची घागर घेऊन वंदना उभी होती. कडूबाच्या मेलेल्या भावाची लेक. संक्रांतीच्या सुमारास नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि तिकडं दुसरं घर केलं. तेव्हापासून पोरगी गल्लीतून खाली मान घालून जायची. कोणी हाक मारली तर नुसती हूं. अगदी कमी बोलायची.

"वंदे, ये वं इकडं," कडूबा मायेनं म्हणाला. खरंच मायेनं. "तू बस. तुह्या हातात सध्या मोप आग असन."

मघाचीच बाई म्हणाली, "वंदे, कशी हाय वं त्याची नवी? गोरी हाय म्हनतेत?"

वंदनानं घागर खाली ठेवली. काका म्हणतो म्हटल्यावर तिनं पदर खोचला आणि एक पाऊल पुढं टाकलं. पोरांनी मोबाईल पुन्हा वर केले.

"ठेव ते सूप!"

मी अर्धा हात उडालो. कलाबाई उभी राहिली होती. तिनं कडूबाच्या हातातून सूप असं ओढलं की राख त्याच्या मिशीवर बसली. "मुडद्या! माहा हात निवला? तुह्या चुलीत पानी निवो! विचार ना बे, विचार बेबीची पोळी! गोड होती! तुह्या बापानं माहे हाल मिरचीले खत म्हनून घातले, त्याच्या पिंडाले कावळ्यानंबी विचार करून शिवावं! तू पेरशीन मिरची अन् उगवो तुही सासू! ओळीनं उगवो! तोडली का फुटो!"

एक शिवी, एक चिमूट. वाफा भरला. दुसरा भरला. मागच्या बाईला तिनं घेतलं, मोबाईलवाल्या पोरांना घेतलं, कुडाला कान लावणाऱ्या नारायणाला म्हणजे मलाही सोडलं नाही. बेबीचं नाव आता तीच काढत होती, पुन्हा पुन्हा, कोणी विसरू नये म्हणून. लोक पोट धरून हसत होते. कडूबा मिशीवरची राख पुसत ओरडला, "आला! काकूचा हात आला!" आणि सगळ्यांत मोठ्यानं वंदना हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, कलाबाईकडे बोट दाखवून. कलाबाईनं ते पाहिलं आणि आवाज अजून चढवला.

परत येताना ती माझ्या पुढं चालत होती. ओटीतला नारळ एका हातानं धरलेला. आवाज बसला होता.

मी म्हटलं, "वहिनी, तुमाले त ठाऊक हाय. सारं बियातच असते."

"हाव."

"मंग?"

ती दारापाशी थांबली. कडी काढली. नारळ उंबऱ्याच्या आत ठेवला.

"मंग काय भाऊजी. आता मले मरता येत नाही. मी मेली का सूप तिच्या पुढ्यात."